रंगाच्या पुढे गाडी का अडते? लहान मुलांना वर्गीकरण शिकवण्याबद्दल

चटई
साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या गटाबद्दल विचारायचं आहे. बटणं, झाकणं, ठोकळे असं मिश्र साहित्य समोर ठेवलं की सगळी मुलं रंगावरून झटपट गट करतात. "आता दुसऱ्या कशावरून करूया" म्हटलं की पुन्हा रंगच. काही मुलं गट करायला घेतात आणि मध्येच त्या वस्तूंची आगगाडी किंवा घर करून बसतात. तीन शंका आहेत. एका वेळी किती वस्तू द्याव्यात? रंगावरून आकाराकडे, आकारावरून उपयोगाकडे कसं न्यायचं? आणि घर-आगगाडी करणाऱ्या मुलाला थांबवायचं की नाही?

ठोकळा
पहिल्या शंकेपासून सुरुवात करू, कारण बाकीच्या अडचणी बऱ्याचदा साहित्यातच दडलेल्या असतात.

मिश्र साहित्य हा शेवटचा टप्पा आहे, पहिला नाही. बटण आणि झाकण यांत रंग, आकार, जाडी, वजन, भोकं, पदार्थ, उपयोग असं सगळंच वेगळं असतं. इतक्या फरकांतून डोळ्यात सगळ्यात आधी भरतो तो रंग. मूल रंग धरतं तेव्हा ते चुकत नसतं, साहित्यच त्याला तिकडे ढकलत असतं.

पहिला संच असा करा. १२ वस्तू, दोनच प्रकार, प्रत्येकी ६, आणि फरक एकच. म्हणजे ६ लाल आणि ६ निळे चौरस ठोकळे, सगळे एकाच मापाचे. लाल-निळा किंवा पिवळा-निळा घ्यावा. लाल-नारिंगी किंवा निळा-जांभळा नको, कारण तिथे मूल अडलं तर अडचण गट पाडण्यात आहे की रंग ओळखण्यात, हे आपल्याला कळत नाही. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला ८ वस्तू पुरतात. २० च्या वर वस्तू दिल्या की मूल निम्म्यात सोडतं, आणि आपण समजतो की त्याला जमत नाही.

दोन सारख्याच वाट्या किंवा ताटल्या घ्या, शक्यतो पांढऱ्या. लाल वाटीत लाल ठोकळे टाकायला लावणं हे वर्गीकरण नव्हे, ती जोडी लावणं झालं. जोडी लावणं ही आधीची पायरी आहे, तीही हवीच, पण दोन्ही एक समजू नयेत. जोडीत "हे त्याच्यासारखं आहे का?" एवढंच बघायचं असतं. गटात "या सगळ्यांत सारखं काय?" हे डोक्यात धरून प्रत्येक नवीन वस्तू त्यावर घासून बघायची असते.

मांडणीही सांगतो. वस्तूंचा ढीग मुलाच्या समोर, वाट्या ढिगाच्या पलीकडे, दोन्हींत हातभर अंतर. वाट्या एकमेकींना चिकटून असतील तर कोणती वस्तू कुठे टाकली हे मुलालाच नीट दिसत नाही. प्रत्येक वाटीत एक-एक नमुना आपण ठेवायचा आणि पुढची वस्तू मुलाच्या हातात द्यायची. पहिल्या तीन-चार वस्तू होईपर्यंत गप्प राहायचं. हेच सगळ्यात अवघड असतं.

पारंबी
ठोकळा यांच्या "फरक एकच" या मुद्द्याला मराठीपुरती एक पुरवणी.

"लाल" हा शब्द कुठेही तोच राहतो: लाल चेंडू, लाल टोपी, लाल बटण. "निळा" मात्र बदलतो: निळा चेंडू, निळी टोपी, निळं बटण. हिरवा, पिवळा, पांढरा, काळा, मोठा, जाडा यांचंही तसंच. आपण मिश्र वस्तू समोर ठेवून "निळा कुठे? निळी कुठे?" म्हणतो तेव्हा, ज्याला रंगांची नावं अजून पक्की नाहीत, त्या मुलाच्या कानावर दर वेळी वेगळा शब्द पडतो. म्हणून पहिल्या संचात एकाच नावाची वस्तू ठेवावी. फक्त बटणं, किंवा फक्त टोप्या. "निळं बटण, लाल बटण, निळं बटण" असं दहा वेळा कानावर गेलं की बदलतोय तो फक्त रंग, हे मुलाला आपसूक कळतं. मग दुसऱ्या दिवशी टोप्या.

दुसरं म्हणजे "चौकोन". बोलताना आपण चौरसाला चौकोन म्हणतो आणि पुढे आयत आला की मुलाने वेगळा गट करावा अशी अपेक्षा ठेवतो. आयतालाही चारच कोन आहेत, तेव्हा दोन्ही एकत्र ठेवणारं मूल बरोबर आहे. चौरस आणि आयत वेगळे हवे असतील तर तेच शब्द पहिल्या दिवसापासून वापरा. तीन वर्षांची मुलं ते सहज उचलतात.

दोन_वाट्या
नमुना वाटीत आपणच ठेवायचा, हे मला पूर्णपणे पटत नाही. नमुना ठेवला की निकष आपण ठरवला. मूल फक्त तो पाळतं. वर्गीकरणातलं खरं काम निकष शोधण्याचं आहे. माझ्या मते आठवड्यातून निदान दोन वेळा तरी रिकाम्या वाट्या आणि "सारखं सारखं एकत्र ठेव" एवढीच सूचना द्यावी. वाट्या गटांपेक्षा एखादी जास्त ठेवावी. दोनच वाट्या दिल्या तर दोनच गट करायचे, हे आपण न बोलता सांगून टाकतो.

घर आणि आगगाडीबद्दल: थांबवू नका. ज्याँ पियाजे आणि बेर्बेल इन्हेल्डर यांनी याचा बारकाईने अभ्यास केला होता. साधारण अडीच ते पाच वर्षांच्या मुलांकडून होणाऱ्या अशा मांडणीला त्यांनी वर्गीकरणाचीच पहिली अवस्था मानलं. मूल दोन गोल शेजारी ठेवतं, मग दुसऱ्या गोलाचा रंग निळा म्हणून पुढे निळा त्रिकोण ठेवतं, मग त्रिकोण छपरासारखा दिसला म्हणून खाली चौरस. दर पावलाला कारण आहे, फक्त पहिलं कारण शेवटपर्यंत टिकत नाही. पुढे पाच ते सात-आठ वर्षांत खरे ढीग पडायला लागतात, आणि गटाच्या पोटात गट ही समज त्यानंतर येते.

तेव्हा आगगाडी झाली तर "हा डबा याच्यामागे का लावला?" असं विचारा. उत्तरात "दोघं निळे" किंवा "दोघांना टोक आहे" असं ऐकू आलं की समजा, गुणधर्म त्याने पाहिला आहे.

ठोकळा
मान्य. नमुना ठेवणं आणि न ठेवणं, दोन्हीचं काम वेगळं आहे. नमुना दिल्यावर कळतं की मूल निकष पाळू शकतं का. न दिल्यावर कळतं की ते निकष शोधतं का. दोन्ही आलटून पालटून करावं. फक्त पहिले काही दिवस नमुना असावा, नाहीतर "सारखं" म्हणजे काय हेच काही मुलांना उमगत नाही आणि ती ढीग नुसता हलवत बसतात.

चटई
रंगाचं अजून बाकी आहे. एकरंगी संचात आकारावरून गट नीट करतात. दोन रंग, दोन आकार एकत्र आले की आकाराचा नियम सांगूनही हात रंगाकडेच जातो. गंमत म्हणजे "गोल कुठे जातात?" विचारलं तर बरोबर बोट दाखवतात!

भिंग
हे अगदी ओळखीचं आहे, आणि यावर नेमका एक प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन खोकी. एकावर निळ्या सशाचं चित्र, दुसऱ्यावर लाल होडीचं. मुलाच्या हातात पत्ते येतात ते लाल ससे आणि निळ्या होड्यांचे. आधी ६ पत्ते रंगावरून लावायचे, म्हणजे लाल ससा जाईल लाल होडीच्या खोक्यात. मग सांगायचं, "आता रंगाचा खेळ संपला, आता चित्राचा खेळ." नवा नियम दर पत्त्याला पुन्हा सांगितला तरी तीन वर्षांची बहुतेक मुलं जुन्याच नियमाने टाकत राहतात. "चित्राच्या खेळात ससे कुठे जातात?" विचारलं तर बोट बरोबर खोक्याकडे, आणि पुढच्याच क्षणी पत्ता चुकीच्या खोक्यात. पाच वर्षांच्या आसपास बहुतेकांना हा बदल जमायला लागतो.

म्हणजे मुलाला नियम माहीत असतो. जुन्या नियमातून हात मोकळा करणं त्याला जमत नसतं. वस्तूकडे पाहण्याची एक नजर बसली की तीच वस्तू दुसऱ्या नजरेने बघायला आधीची दाबून ठेवावी लागते, आणि ती ताकद या वयात घडत असते. म्हणून "अरे, आत्ता तर सांगितलंस ना!" असं म्हणण्याचा काही उपयोग नाही. त्याने खरंच सांगितलेलं असतं.

करता येण्यासारखं बरंच आहे.

वस्तू हातात देताना फक्त हवा तो गुण बोला. "हा लाल ससा" म्हणू नका, "हा ससा. कुठे जाईल?" असं म्हणा. त्याहून चांगलं म्हणजे मुलालाच विचारा, "चित्राच्या खेळात हे काय आहे?" त्याच्या तोंडून "ससा" निघालं की हात बऱ्याचदा बरोबर जातो.

निकष बदलताना सगळं उचला. वाट्या रिकाम्या करा, ढीग मिसळा, वाट्यांची जागा बदला, नमुने नवीन ठेवा. जुने गट डोळ्यांसमोर असताना नवा निकष सुरू केला तर मूल जुन्याच ढिगात भर घालत राहतं.

रंग आणि आकार एकाच आकृतीत न ठेवताही मदत होते. पत्त्यावर सशाचं चित्र फक्त बाह्यरेषेत, आणि शेजारी रंगाचा वेगळा ठिपका. दोन गुण दोन जागी असले की एकाकडे बघून दुसरा सोडून देणं सोपं जातं. हे पत्ते अर्ध्या तासात हाताने काढून होतात.

कोरा_कागद
सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रंगच काढून टाकणे. पांढरी बटणं घ्या: दोन भोकांची आणि चार भोकांची, प्रत्येकी ६. मूल आधी गोंधळतं, सगळी सारखीच म्हणतं. मग बोटाने चाचपतं. नंतर तिसरा प्रकार आणा, ज्याला वर भोक नसतं आणि मागे कडी असते. यात भोकं मोजायचीही गरज नाही, नुसती नजर पुरते.

दुसरं, कापडी पिशवी. आत ८ वस्तू: ४ खरखरीत, ४ गुळगुळीत. हात आत घालायचा, बघायचं नाही, वस्तू बाहेर काढायच्या आधीच "खरखरीत" की "गुळगुळीत" हे सांगायचं आणि मग वाटीत ठेवायची. इथे रंगाला वावच नाही. पिशवीचं तोंड मुलाच्या मनगटाला जेमतेम बसेल एवढं असावं, मोठं असलं तर डोकावून बघतात. डोळ्यांवर पट्टी बांधू नये, लहान मुलं घाबरतात. पिशवीने तेच काम होतं.

शंखशिंपले
थोडं सुरक्षिततेबद्दल, कारण वर बटणं आली आहेत. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी जे तपासणीचं नळकांडं वापरतात त्याचा व्यास ३१.७ मिमी असतो. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती त्या वयाला घशात अडकण्याच्या दृष्टीने धोक्याची धरतात. घरी किंवा वर्गात तपासायला टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी वापरा. ती त्याहून रुंद असते, म्हणजे आपण जास्तच सावध राहतो. नळीतून जे आरपार जातं ते तीन वर्षांखालच्यांना द्यायचं नाही. बटणं, मणी, लहान झाकणं, बिया सगळं यात आलं. त्या वयाला मोजे, मोठी झाकणं, चमचे, मूठभर आकाराचे ठोकळे द्या. तीनच्या पुढेही जे मूल अजून वस्तू तोंडात घालतं त्याला हाच नियम.

बटण-सेल आणि छोटी ताकदवान चुंबकं वर्गीकरणाच्या साहित्यात कोणत्याच वयाला नकोत. सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्यांच्या भिंतींना मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात. चुंबकाचा खेळ करायचाच असेल तर मोठ्या दांड्याचा किंवा प्लास्टिकच्या आवरणातला एकच चुंबक, आणि तो मोठ्यांच्या हातात.

संच देताना मोजून द्या, परत घेताना मोजून घ्या. डब्याच्या झाकणावर आतून आकडा लिहून ठेवा.

चटई
खूप आभार. पुढची पायरी, म्हणजे दोन निकष एकदम, कधी आणि कशाने सुरू करावी?

दोन_वाट्या
साधन म्हणाल तर झोल्टान दीनेश यांच्या नावाने ओळखले जाणारे तर्क-ठोकळे. नेहमीचा संच ४८ नगांचा असतो: ३ रंग × ४ आकार × २ मापं × २ जाड्या. प्रत्येक ठोकळा एकमेव, दुसरा तसाच नाही. त्याची ताकद यातच आहे: कोणताही निकष लावा, गट नेमका पडतो, मधलं-अर्धवट काही उरत नाही.

विकत घेण्याची गरज नाही. जाड पुठ्ठ्यातून २४ नगांचा संच होतो, जाडी सोडून द्यायची. मोठा गोल ८ सेंमी व्यासाचा, लहान ४ सेंमीचा. मोठा चौरस ८ सेंमी बाजूचा, लहान ४ चा. त्रिकोण समभुज, त्याच मापांचा. आयत ८ × ४ आणि ४ × २. मोठा-लहान यांत दुपटीचा फरक ठेवावाच. ६ आणि ५ सेंमीचे काढले तर शेजारी ठेवून मापावे लागतात आणि खेळ मोजमापाचा होतो. आयताची रुंदी लांबीच्या निम्मी ठेवा, नाहीतर दुरून चौरस वाटतो. रंग दोन्ही बाजूंना द्या. एकाच बाजूला दिला तर उलटा पडलेला तुकडा मुलांच्या दृष्टीने चौथ्या रंगाचा होतो आणि तसा वेगळा ठेवलाही जातो.

जाडीचा निकष हवाच असेल तर सगळ्यात शेवटी आणा. ठोकळे चटईवर आडवे पडलेले असतात, मूल वरून बघतं, आणि वरून जाडी दिसत नाही. चिमटीत धरून तपासायची सवय लावावी लागते.

पहिला खेळ: एका फरकाची गाडी. एक तुकडा ठेवायचा, पुढचा तुकडा त्याच्यापेक्षा फक्त एकाच बाबतीत वेगळा हवा. मोठा लाल गोल, मग लहान लाल गोल, मग लहान निळा गोल. वरच्या आगगाडीतूनच ही गाडी निघते, नियम मात्र आता शेवटपर्यंत टिकतो. पाच वर्षांच्या पुढे हे छान रंगतं.

दुसरा: दोरीची रिंगणं. दोन दोऱ्या, प्रत्येकी साधारण दीड मीटर, टोकं बांधून रिंगण. एकात निळे, दुसऱ्यात गोल. सुरुवातीला रिंगणं मुद्दाम वेगळी ठेवा. निळा गोल कुठे, यावर मुलांत वाद होतो. कोणी इकडे ठेवतं, कोणी तिकडे ओढतं, कोणी दोन्हींच्या मधोमध जमिनीवर ठेवतं. तो वाद होऊ द्या. बऱ्याचदा एखादं मूलच दोरी सरकवून एकावर एक आणतं. नाही आणली तर आपण विचारायचं, "हा दोघांच्याही घरात एकदम राहील अशी जागा करता येईल का?" आधीच एकमेकांत गेलेली रिंगणं आयती दिली तर मधली जागा ही तिसरी वाटी होऊन बसते. ती दोन्ही रिंगणांचा भाग आहे हे सुटतं.

आपल्या तपासणीसाठी: २४ च्या संचात दोन्हीत २, फक्त निळे ६, फक्त गोल ४, बाहेर १२. बाहेरचे बारा बाहेर राहिले पाहिजेत. बहुतेक मुलं त्यांनाही कुठेतरी कोंबतात, कारण बाहेर ठेवणं त्यांना काम अपुरं टाकल्यासारखं वाटतं.

भिंग
त्या "बाहेर"वर जरा थांबावंसं वाटतं. "निळे नाहीत ते" हा गट मुलांना अवघड जातो, कारण त्या गटातल्या वस्तूंत डोळ्यांना दिसेल असं सारखं काही नसतं. लाल, पिवळे सगळे एकत्र. मूल त्यांचे लगेच दोन गट करतं. इथे चौकट उपयोगी पडते, लुईस कॅरल यांच्या नावाने ओळखली जाणारी: दोन आडव्या, दोन उभ्या अशी चार घरं. उभ्या रकान्यांना "निळे" आणि "निळे नाहीत", आडव्या ओळींना "गोल" आणि "गोल नाहीत". रिंगणांत जे बाहेर भटकत होतं त्याला इथे स्वतःचं घर मिळतं. आकडे तेच: २, ६, ४ आणि १२.

वाचता न येणाऱ्यांसाठी खुणा: निळा ठिपका, आणि त्याच ठिपक्यावर काट. काटेचा अर्थ आधी वेगळा खेळून घ्या. "निळा नसलेला एक आण" असं दहा-बारा वेळा. "नाही" ऐकून न ऐकल्यासारखं करून निळाच आणणारी मुलं असतात. त्यांना वाक्याच्या शेवटी येणाऱ्या नकारापेक्षा "निळा सोडून दुसरा कुठलाही आण" लवकर कळतं.

कोरा_कागद
लहान-मोठा हा निकष लोक फार लवकर आणतात, असं मला वाटतं. लाल ठोकळा एकटा असला तरी लालच. मोठा ठोकळा मात्र कशाच्या तरी मानाने मोठा असतो. तीन मापं दिलीत की मधल्याचं काय? तो लहानाशेजारी मोठा, मोठ्याशेजारी लहान. ते काम क्रमवारीचं आहे, वर्गीकरणाचं नाही. माँटेसोरी साहित्यात हा फरक रंगाच्या पट्ट्यांमध्ये छान दिसतो: पहिल्या पेटीत ३ जोड्या, दुसरीत ११ जोड्या, आणि तिसरीत ९ रंगांच्या प्रत्येकी ७ छटा, एकूण ६३ पट्ट्या, ज्या गडदपासून फिक्यापर्यंत ओळीने लावायच्या. पहिल्या दोन पेट्या सारखेपणाच्या, तिसरी क्रमाची. एकाच बैठकीत दोन्ही मिसळू नका.

शंखशिंपले
बाहेरच्या वस्तूंबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पानं, दगड, शिंपले, बिया यांचं वर्गीकरण ठोकळ्यांपेक्षा कठीण आणि जास्त मोलाचं आहे, कारण निसर्गातल्या वस्तू निकषात पूर्ण बसत नाहीत. पानाची कड सरळ की दातेरी, हा निकष साडेचार-पाच वर्षांना चांगला. १० ते १२ पानं पुरेत. एखादं पान असतंच, ज्याची कड नुसती लहरी असते, ना सरळ ना दातेरी. ते फेकून देऊ नका. त्याच्यासाठी एक मोकळी ताटली ठेवा आणि मुलांना ठरवू द्या: सरळ कडेच्या गटात ढकलायचं, की लहरी कडेचा नवा गट करायचा? नवा गट केला तर आधीच्या दोन ताटल्या पुन्हा तपासायला लावा. त्यांतलीही एक-दोन पानं आता तिकडे जातात. निकष बदलला की जुनं काम पुन्हा करावं लागतं, ही समज फक्त अशाच वस्तूंतून येते.

पानं त्याच दिवशी वापरा. दुसऱ्या दिवशी कडा वळतात, रंग उतरतो. ठेवायचीच असतील तर जाड पुस्तकात कागदाच्या घडीत आठवडाभर दाबून ठेवा.

करून बघायचे निकषही आणा. पाण्यावर तरंगतं की बुडतं: इथे एक नियम हवा, वस्तू हाताने पूर्ण पाण्याखाली न्यायची आणि मग सोडायची. तो नसेल तर धातूची वाटी सरळ ठेवली तर तरंगते आणि तिरकी सोडली तर बुडते, आणि दोन मुलं दोन उत्तरं आणतात. चुंबकाला चिकटतं की नाही: बहुतेक मोठी माणसंही "धातू चिकटतो" असं सांगून मोकळी होतात. ॲल्युमिनियम चिकटत नाही, तांबं-पितळ चिकटत नाही, आणि स्टीलचे काही चमचे चिकटतात, काही नाही. आधी अंदाजाने दोन ढीग करायला सांगा, मग चुंबक फिरवा, आणि ज्या वस्तूंनी ढीग बदलला त्या तिसऱ्या ताटलीत ठेवा. मुलं त्या ताटलीकडेच परत परत येतात.

पारंबी
गटाच्या पोटात गट, याबद्दल वर ओझरता उल्लेख झाला. पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत पालक फार घाई करतात म्हणून सविस्तर लिहिते.

पियाजे यांचा जुना प्रश्न असा: सगळे मणी लाकडाचे, त्यांतले बरेच तपकिरी, दोन पांढरे. १८ आणि २ घ्या. "तपकिरी मणी जास्त की लाकडाचे मणी जास्त?" पाच-सहा वर्षांचं मूल बिनदिक्कत सांगतं, "तपकिरी जास्त, पांढरे दोनच आहेत." त्याने प्रश्न बदलून घेतला. तपकिरी मणी मनाने बाजूला काढले की लाकडाच्या गटात त्याच्यापुरते पांढरेच उरले. भाग आणि पूर्ण एकदम धरता येणं सात-आठच्या सुमारास येतं. "अरे, तपकिरी पण लाकडाचेच ना!" असं समजावून दिलं तर मूल उत्तर पाठ करतं, आणि मण्यांऐवजी फुलं दिली की पुन्हा तेच.

उत्तर शिकवण्याऐवजी शब्द पक्के करा. "सगळे" आणि "काही". निळे गोल, निळे चौरस आणि लाल चौरस अशी एक ओळ मांडा. विचारा, "सगळे गोल निळे आहेत का?" बरीच मुलं म्हणतात, "नाही, निळे चौरसही आहेत." म्हणजे त्यांनी "सगळे निळे गोल आहेत का?" याचं उत्तर दिलं. बोट ठेवत जा: हा गोल, निळा आहे? हा गोल, निळा आहे? गोल संपले. झालं. चौरसांकडे जायचं कारणच नाही, हे बोटाला कळतं. आणि मण्यांचा प्रश्न माळेच्या रूपात विचारा: "सगळ्या तपकिरी मण्यांची माळ केली, मग ती मोडून सगळ्या लाकडी मण्यांची केली, तर लांब कोणती?" माळ खरंच ओवून, मोडून, पुन्हा ओवून बघता येते.

एरवी घड्या घातलेले कपडे कप्प्यांत लावणं हेच काम करतं: कपाटात कपडे, एका कप्प्यात मोजे, त्यातही लहान मोजे एका डब्यात. "मोजे कपडे आहेत का? मग सगळे कपडे मोजे आहेत का?" दोन्ही प्रश्न लागोपाठ विचारा.

चटई
चुकलं तर दुरुस्त करायचं की नाही, यावर इथे दोन मतं दिसतात.

दोन_वाट्या
आपण चुकीवर बोट ठेवायचं नाही. पूर्ण झाल्यावर विचारायचं, "या वाटीला नाव काय देऊ?" मूल "निळे" म्हणालं की वाटीतली एकेक वस्तू उचलून नाव म्हणायला लावा: निळं, निळं, निळं... लाल आलं की स्वतःच उचलून बाहेर ठेवतं. नाव भलतंच दिलं, उदाहरणार्थ "आजीचे आणि माझे", तर ती वाटी चुकलेली नाही. आपल्याला निकष दिसला नव्हता एवढंच.

आणि कुत्र्याच्या चित्राशेजारी त्याचा पट्टा, पावसाशेजारी छत्री असं ठेवणाऱ्या मुलाला "हे दोघं वेगळे आहेत" म्हणू नका. ते सोबतीचं नातं आहे, आणि मोठी माणसंही वस्तू तशा लावतात. "छान, हे एकमेकांच्या कामाचे आहेत. आता एकमेकांसारखे असलेले शोधूया का?" "कामाचे" आणि "सारखे" हे दोन शब्द वेगळे ठेवले की मुलं दोन्ही खेळ वेगळे ओळखतात.

ठोकळा
सहमत. मात्र नमुना दिलेल्या खेळात, सलग तीन वस्तू चुकल्या तर थांबवावं. तेव्हा मूल एकतर नियम विसरलं आहे किंवा दमलं आहे. दहा मिनिटांच्या वर बैठक ओढू नका.

नोंद ठेवायची असेल तर बरोबर-चूक मोजू नका. तीन गोष्टी लिहा: मुलाने कोणता निकष धरला, तो कितव्या वस्तूपर्यंत टिकला, आणि विचारल्यावर तो शब्दांत सांगता आला का. महिनाभराने याच तीन रकान्यांत फरक दिसतो.

गटांवरून आलेख करत असाल तर एक जपा. मोठ्या वस्तूंची रांग कमी वस्तू असूनही लांब दिसते आणि मुलं तिलाच "जास्त" म्हणतात. आधी ५ सेंमी घरांची चौकट आखलेला कागद घ्या, एका घरात एकच वस्तू. वस्तू घरात मावत नसेल तर तिच्याऐवजी एक चौकोनी चिठ्ठी ठेवा.

भिंग
रंगाबद्दल शेवटचं एक राहिलं. एखादं मूल आकार, पोत, उपयोग सगळ्यावरून व्यवस्थित गट करतं आणि लाल-हिरव्यातच किंवा तपकिरी-हिरव्यातच सतत चुकतं, तर ते शिकवण्याने सुटणार नाही असं धरून चाला. रंगदृष्टीत फरक असण्याची शक्यता आहे, आणि मुलग्यांत तो मुलींपेक्षा बराच जास्त आढळतो. वर्गात एवढं करून बघा: त्याच दोन रंगांचे तुकडे द्या, पण रंगाचं नाव न घेता फक्त "याच्यासारखा दुसरा शोध" म्हणा. नावात गोंधळ असेल तर जोडी बरोबर लागते. जोडीही चुकली, आणि तीही दर वेळी त्याच दोन रंगांत, तर पालकांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तपासून घ्यायला सांगा. तोपर्यंत त्या मुलाच्या संचात निळा-पिवळा ठेवा, आणि लाल-हिरवं टाळता येत नसेल तिथे एका रंगाच्या तुकड्यावर पेन्सिलीने रेघ मारून ठेवा.